औषध कुठं ठेवता?

विषय फोनवर मिळाला, तोही अर्धाच. "अवजारं," संपादक म्हणाले, "पण राबतानाची नकोत. काम संपल्यावर त्यांचं काय होतं ते बघा. धुतात का, ठेवतात कुठं, मोडली की टाकतात कुठं." गेल्या वर्षीचे अंक तेव्हा अजून छापखान्यात होते आणि नवरात्र तोंडावर आलं होतं. दिवाळी अंकात लिहिणाऱ्याला इतका आगाऊ वेळ सहसा मिळत नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं. मग आठवलं की आपण राहतो मिरा रोडला. इथं अवजार म्हणजे प्लंबरचा पाना.

घरातूनच उत्तर आलं, "खारीला जाऊन ये. नावातच शेत आहे."

मौजे खारी

भाईंदर पूर्वेला, बी. पी. रोडच्या आसपास, खारीगाव इमारतींत इतकं मुरून गेलंय की ते वेगळं काढून दाखवता येत नाही. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. रिक्षावाल्याला खारीगाव हा थांबा म्हणून माहीत. गाव खऱ्या अर्थाने जिवंत आहे ते एकाच ठिकाणी, फ्लॅटच्या करारनाम्यात. तिथं अजून 'मौजे खारी, तालुका व जिल्हा ठाणे' असं छापलेलं असतं. चौथ्या मजल्यावरच्या वन बीएचकेचा पत्ता भाताच्या खाचरावरून सांगितला जातो.

खार म्हणजे खाडीकाठची, बांध घालून भरतीपासून सोडवलेली जमीन. बांधाच्या आत भात आणि खाडीच्या अंगाला मिठागर, अशी ही एकेकाळची सगळी पट्टी. लोकलच्या खिडकीतून मिठागरांचे चौकोन अजून थोडेफार दिसतात. खारीच्या शेजारच्या गावाचं नाव गोडदेव. या दोन नावांवरून ज्याला हवी त्याने गोष्ट रचावी, मी रचत नाही. पण खारट आणि गोडं यांचा झगडा इथल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला रोज सोसावा लागला, हे मात्र तिथं गेल्यावर कळलं.

ज्यांच्याकडे गेलो ते आगरी समाजातले, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांच्याच अंगणात आता पाच मजली इमारत उभी आहे आणि तिच्या तळमजल्यावर ते राहतात. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणू लागलो. शेती सुटून तीन-साडेतीन दशकं झाली. अवजार काही उरलंय का, असं विचारल्यावर ते काही न बोलता उठले आणि पोटमाळ्यावरून गोणपाटाची एक गुंडाळी खाली काढली. आत कोयता आणि लाकडाची आकडी. आकडी म्हणजे कमरेला बांधायचा, मागे कोयता अडकवायचा लाकडी ठोकळा.

"यो माजे बापाचा," दादा म्हणाले.

कोयत्यावर गंजाचा ठिपका नव्हता. ज्या घरात फ्रीजचे पाय दोन पावसाळ्यांत खाल्ले जातात, तिथं पन्नासेक वर्षांचं पातं काळंभोर, तेलकट चमकत होतं. मी विचारलं कसं, तर त्यांना प्रश्नच समजला नाही. मग म्हणाले, "ठेवला म्हनून ऱ्हायला."

या 'ठेवला'मध्ये बरंच काही होतं. ते हळूहळू बाहेर आलं. शेतावरून किंवा आगरातून आल्यावर आपले पाय धुवायच्या आधी हत्यार धुवायचं, आणि तेही गोड्या पाण्याने. गोडं पाणी घरात जपून वापरायचे, तरी एक तांब्या कोयत्याचा. कारण नुसतं पुसून भागत नाही. मिठाचा कण लोखंडावर राहिला की तो हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि पात्यावर पाण्याचा न दिसणारा थर धरून ठेवतो. लोखंड स्वतःवर जो पातळ पापुद्रा धरतं, तोही मिठातला क्लोराइड फोडून काढतो. रसायनशास्त्राचं हे दोन वाक्यांचं स्पष्टीकरण मी दादांना ऐकवलं. ते म्हणाले, "मीठ लोखंडाला खातं," आणि माझी दोन वाक्यं तीन शब्दांत संपली.

पाण्यानंतर राख. चुलीतली चालते, पण भाताच्या तुसाची उत्तम. नारळाच्या सोडणावर ती घ्यायची आणि पातं घासायचं. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते, म्हणजे तो घरचा पॉलिश कागदच. मग उन्हात, आणि शेवटी करंजाच्या तेलाचं बोट. पावसाळा संपला की लोहाराकडे पाजवून आणायचं. मिठागरात मीठ ओढायची लांब दांड्याची अवजारं मुळात लाकडाचीच असत, तिथं लोखंडाने मिठाशी वैर घेण्याचा प्रश्न नव्हता.

आणि मग जागा. दादांनी भिंतीकडे बोट करून जुनं घर हवेत उभं केलं. इथं पडवी. पडवीच्या वाशांवर नांगर आणि जू आडवं. कोयते दाराच्या वरच्या फटीत, धार आत. फावडं, कुदळ कोपऱ्यात, पातं जमिनीला. इरली माळ्यावर, उंदरांपासून लांब टांगलेली. रात्री दिवा नसताना हात घातला तरी हवं ते सापडायचं, आणि नको ते लागायचं नाही. पोरांना मार कशाबद्दल मिळायचा? "जाग्यावर नाय ठेवला म्हनून."

खंडेनवमीला ही सगळी मंडळी अंगणात यायची. धुऊन, पुसून, तेल लावून, ओळीने. हळद, कुंकू, झेंडू. पूजा म्हणून तिच्याकडे बघा किंवा वर्षाची तपासणी म्हणून बघा. कुठला दांडा सैल झालाय, कुठल्या पात्याला तडा गेलाय, हे त्या दिवशी सगळ्यांसमोर यायचं. आता खारीत त्या दिवशी रिक्षा धुतात. इमारतीची लिफ्ट आणि पाण्याचा पंपही पुजतात.

जुनं म्हणून सोनं नव्हे

कचरा या शब्दावर दादा अडखळले. पेंढा जनावराला आणि छपराला, तूस चुलीला, शेण खताला. मोडका फाळ लोहाराकडे, तो त्याची कुदळ करून देणार. झाडाचा पालापाचोळा, फांद्या, गोवऱ्या रोपांच्या वाफ्यावर पसरून जाळायच्या, हा राब. टाकून द्यायचं असं काही नव्हतंच.

इथं हुंदका आवरायला हवा. राबाचा धूर डोळ्यांत जायचा आणि डोंगरांवरची झाडं त्यापायी बोडकी व्हायची. गंजक्या खिळ्याने, विळ्याने धनुर्वात होऊन माणसं मरत. चिखलात भेगाळलेल्या पायांतून उंदराच्या मुताचा लेप्टो शिरायचा, तेव्हा त्याला नुसता 'ताप' म्हणत. जुनी शेती सुरक्षित होती असं म्हणायला मी धजणार नाही. मला वेगळंच काहीतरी दिसलं. कोयता स्वतःच सांगतो की मी कापतो. त्याची धार दिसते, बोटाला कळते, दोन वर्षांच्या पोरालाही एकदा कापलं की पुरतं. धोका आणि त्याची खूण एकाच पात्यावर असते. म्हणून त्याला जागा नेमून देणं सोपं गेलं.

दादांकडून निघालो तेव्हा गल्लीत एक माणूस पाठीवर निळी टाकी अडकवून गटाराच्या कडेने चालला होता. एका हाताने दांडा वरखाली, दुसऱ्या हातात नळी. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "औषधवाले आलेत, भांडी झाका."

खारीत उरलेलं हे शेवटचं शेतीचं अवजार. पाठीवरचा फवारणी पंप. भाताच्या खाचरात त्याने तुडतुडे मारले, आता गटारात डासांच्या अळ्या मारतो. डासांच्या अळ्यांसाठी देशभर वापरलं जाणारं टेमेफॉस हे ऑर्गनोफॉस्फेट घराण्यातलं, पण त्यातलं फार सौम्य. याच घराण्यातले जहाल भाऊबंद मला पुढे विदर्भात भेटणार होते. मात्र नाव दोन्हीकडे एकच: औषध. मराठीत पिकावर विष कधी मारत नाहीत. औषध मारतात. कृषी सेवा केंद्रात औषध मिळतं, पोराला ताप आला की औषध देतात, आणि कुणी जिवाचं बरंवाईट केलं तरी गाव खालच्या आवाजात म्हणतं की त्याने औषध घेतलं. एका शब्दात तीन वस्तू कोंबल्या की घरात त्या तिन्ही एकाच फळीवर गेल्या तर नवल नाही.

पऱ्हाटी डोक्यावर गेली तेव्हा

यवतमाळला जायचं ठरलं ते २०१७ मुळे. त्या वर्षी जुलैपासून पुढचे तीन-चार महिने जिल्ह्यातल्या कापसाच्या पट्ट्यातून फवारणी करणारी माणसं एकामागून एक दवाखान्यात येऊ लागली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा भरल्या. एकट्या त्या जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले, शेकडो आजारी पडले, काहींची दृष्टी अधू झाली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या वारसांना २ लाख रुपये जाहीर केले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं.

त्या वर्षी काय वेगळं घडलं, हे मी एका गावात धुऱ्यावर उभं राहून समजून घेतलं. सांगणारा चाळिशीचा, स्वतःची तीन एकर आणि उरलेला वेळ दुसऱ्यांच्या शेतात फवारणी. त्याने हात उंचावून दाखवलं, पऱ्हाटी इथवर आली होती. कापूस कमरेइतका असला की नळी खाली धरतात आणि तुषार पिकावर पडतो. पीक डोक्यावर गेलं की नळी वर धरावी लागते आणि माणूस आपल्याच फवाऱ्याखालून चालतो. बॅटरीच्या पंपाने हात दुखायचा थांबला, तसा माणूस थांबायचाही थांबला. तो पंप तुषार बारीक करतो, आणि बारीक तुषार हवेत जास्त वेळ तरंगतो. त्यात बोंडअळीची धास्ती. एका अळीवर एक औषध पुरेना, म्हणून दोन-तीन एकत्र. मजुरी तासावर नसून पंपावर, म्हणजे किती टाक्या रिकाम्या केल्या त्यावर. घामाने भिजलेली कातडी, पाठीवर झिरपणारी टाकी, आणि उन्हात आठ तास.

हे विष पोटातूनच जावं लागतं असा अजून पुष्कळांचा समज आहे. कातडी त्याला दारासारखी उघडी असते. ऑर्गनोफॉस्फेट शरीरात जे करतं ते असं: मज्जातंतू स्नायूला आखडायचा निरोप देतो, आणि काम झालं की तो निरोप पुसून टाकणारं एक विकर आपल्यात असतं. हे रसायन त्या पुसणाऱ्यालाच बांधून ठेवतं. निरोप पुसला जात नाही, तो वाजतच राहतो. लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती भरून येते, श्वास अडतो. अ‍ॅट्रोपिन हा त्यावरचा उतारा, तो वेळेत आणि पुरेसा मिळाला तर माणूस वाचतो. पण प्रत्येक कीटकनाशकावर अ‍ॅट्रोपिन चालत नाही. कशाचं विष आहे हे डॉक्टरला कळलं पाहिजे, आणि तीन बाटल्यांचं मिश्रण पाठीवर घेऊन फिरलेल्या माणसाला ते सांगता येत नाही. म्हणून विषबाधेच्या रुग्णासोबत रिकामी बाटली आणा, असं डॉक्टर विनवून सांगतात.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारने यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबवली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रण होतं. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरायला तर २००५ पासूनच मनाई होती. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर देशभर बंदीचा आदेश निघाला २०२३ साली.

पंपाले जागा कायची जी

मला बघायचं होतं संध्याकाळचं दृश्य. फवारणी आटोपली, माणूस घरी आला. पुढे?

पंप खाली ठेवला तेव्हा त्याच्या शर्टाच्या पाठीवर, कमरेच्या वर, हाताच्या पंजाएवढा ओला डाग होता. झाकणाचा रबरी वॉशर झिजलेला. हा वॉशर किरकोळ किमतीत मिळतो आणि तालुक्याच्या गावी मिळतो, म्हणजे त्याची खरी किंमत एक दिवसाची मजुरी. तुंबलेला नोझल त्याने काढला, तोंडाजवळ नेला, माझ्याकडे बघितलं आणि खाली घेतला. गवताची काडी घालून साफ केला. पाहुण्यासमोर माणूस जरा शिस्तीत वागतो.

टाकी धुण्याची रीत साधी आहे. शेतातच, विहीर आणि नाल्यापासून लांब, पाणी भरून नळीतून सोडायचं, दोन-तीनदा, तेही पिकावर किंवा पडीक बांधावर. बाटली रिकामी झाली की तिच्यात चौथाई पाणी घालून अर्धा मिनिट खळबळायचं आणि ते पाणी टाकीतच ओतायचं. असं तीन वेळा. ते औषध विकत घेतलेलं असतं, धुवण टाकीत गेलं तर पैसेही वाया जात नाहीत. हे सगळं त्याला पाठ होतं. कृषी विभागाच्या शिबिरात तो बसला होता. पण पाणी लांबून आणायचं आणि अंधार पडत आलेला, तेव्हा धुणं घराजवळच्या हौदावर होतं.

एक गोष्ट मात्र तिथं काटेकोर पाळली जात होती. गोठ्याच्या कुडाला दुसरा, जुना पंप टांगलेला होता आणि त्याच्या पट्ट्याला लाल चिंधी. तो तणनाशकाचा. त्याला कीटकनाशकाच्या पंपाशी कुणी मिसळत नाही. का? टू-फोर-डी नावाच्या तणनाशकाचा नुसता अंश टाकीत राहिला आणि तो कापसावर गेला तरी आठवडाभरात पानं बोटांसारखी चिरटतात, झाड वेडंवाकडं होतं. कापूस तक्रार करतो, लगेच आणि सगळ्या गावाला दिसेल अशी. म्हणून कापसासाठी पंप वेगळा, चिंधी बांधलेला, नेमलेल्या खुंटीवर. ज्या माणसाने ही चिंधी बांधली त्याच्या स्वतःच्या कातडीला आठवड्यात पानं फुटत नाहीत, एवढाच काय तो फरक.

मी विचारलं, हा रोजचा पंप ठेवता कुठं?

"पंपाले जागा कायची जी?" तो म्हणाला. "घरात ठेवला त वास येते. गोठ्यात ठेवला त बैल चाटते. बाहेर ठेवला त चोरीले जाते."

तीन ओळींत त्याने सुरक्षेची सगळी पुस्तकं निकालात काढली. पुस्तक सांगतं, औषधं आणि पंप वेगळ्या, हवेशीर, कुलूपबंद खोलीत ठेवा. त्याच्या घरात खोल्या दोन. एकीत चूल, धान्याची पोती आणि देव, दुसरीत माणसं. पंप त्या रात्री दाराच्या आत, कोपऱ्यात ठेवला गेला. बाटल्या त्याच्या वर, भिंतीतल्या फडताळात. खालच्या खणात खोकल्याचं औषध आणि शाळेचा डबा.

कपड्यांचं काम वहिनींकडे. फवारणीचे कपडे त्या सगळ्यांत शेवटी धुतात, पोरांचे आधी. कुणी शिकवलं नव्हतं. "वास लागते दुसऱ्याले," एवढंच कारण, आणि ते अगदी बरोबर. पण धुतात उघड्या हातांनी, बादली एकच. आणि मोरीचं पाणी जातं परसातल्या वांग्यांना. शिबिराला गेलेला होता नवरा. विष ज्यांच्या हातांतून दुसऱ्यांदा जातं त्यांना तिथं कुणी बोलावलं नव्हतं.

हातमोजे, चष्मा, मास्क, एप्रन यांचा संच घरात होता, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेला. ऑक्टोबरच्या उन्हात तो घालून मी दहा मिनिटं उभा राहिलो. अकराव्या मिनिटाला काढला. त्यामुळे 'शेतकरी सुरक्षासाधनं वापरत नाहीत' हे वाक्य मी तरी आता लिहिणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बंगळुरूच्या संस्थेने 'किसान कवच' नावाचा पोशाख आणला. त्याचं कापड श्वास घेऊ देतं आणि अंगावर पडलेलं ऑर्गनोफॉस्फेट कापडावरच निष्प्रभ करतं, धुऊन पुन्हा वापरता येतं. किंमत ४,००० रुपयांच्या घरात. कल्पना नामी आहे. पंपावर मजुरी घेणाऱ्याने तो घ्यायचा की जमीनमालकाने, हे पोशाखावर लिहिलेलं नाही.

रिकामी बाटली रिकामी नसते

गावाबाहेरच्या नाल्यात बाटल्या बघितल्या. पांढऱ्या, हिरव्या, चंदेरी. चांगल्या जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या. शेतकऱ्याच्या घरात इतकी मजबूत बाटली दुसरी येत नाही, आणि हाच त्रास आहे. कुणी तिच्यातून रॉकेल नेतं, कुणी शेतात पाणी. एक लिटरच्या बाटल्या भंगारवाला घेतो. कायद्याचं म्हणणं वेगळं. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१ चे नियम सांगतात की रिकामे डबे पुन्हा वापरता येणार नाहीत असे फोडावेत आणि वस्तीपासून दूर पुरावेत. ज्याला पंप धुवायला पाणी आणायला वेळ नाही, तो खड्डा खणायला कुदळ घेईल, असं या नियमाला वाटतं.

बाटली पुन्हा वापरली की काय होतं याचा देशातला सगळ्यांत भयंकर दाखला बिहारचा आहे. सारण जिल्ह्यातलं धर्मासती गंडामण, १६ जुलै २०१३. शाळेच्या माध्यान्ह भोजनाची भाजी ज्या तेलात झाली त्यात मोनोक्रोटोफॉस होतं. तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलेलं होतं. २३ मुलं गेली. तिथं कुणी शेतात फवारणी करत नव्हतं, कुणाच्या पाठीवर पंप नव्हता. एक डबा चुकीच्या जागी होता, इतकंच.

ब्राझीलने या बाटलीचा प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. २००० सालच्या कायद्याने तिथं शेतकऱ्याने बाटली तीनदा धुऊन परत करायची, विकणाऱ्याने ती घ्यायची जागा द्यायची आणि बनवणाऱ्याने ती उचलून न्यायची, अशी वाटणी झाली. कंपन्यांनी त्यासाठी एक संस्था काढली, आणि शेतात जाणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक तिथं परत येतात. आपल्याकडे दुधाची पिशवी आणि बिअरची बाटली परत घेणारी माणसं आहेत. विषाच्या बाटलीला परतीचा पत्ता नाही.

लेबलाबद्दल थोडं. बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. वरच्या अर्ध्यात इशारा, जहाल असेल तर कवटी. खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे सगळ्यांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. लेबलाच्या निदान सोळाव्या भागाएवढा तो असावा असा नियम आहे. अक्षरं वाचता न येणाऱ्यासाठी ही सोय. मी त्या गावात सहा जणांना बाटली दाखवून रंगाचा अर्थ विचारला. एकाने बरोबर सांगितला, तो कृषी सेवा केंद्रात कामाला होता. एक म्हातारी म्हणाली, लाल-पिवळा म्हणजे चांगलंच असंल, कंपनीनं शुभ बघून लावलं असंल.

कुलूप

बाटल्यांना कुलपाची पेटी द्यावी, हा उपाय कुणालाही सुचेल. मलाही सुचला होता. जागा नाही ना, मग जागाच पुरवा. श्रीलंकेत तो करून पाहिला गेला. १८० गावांमधल्या पन्नास हजारांहून अधिक घरांचा अभ्यास, निम्म्या गावांत घरोघर कुलपाच्या पेट्या, आणि २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल: निराशेच्या भरात विष घेण्याच्या प्रकारांत पेट्यांमुळे काहीच फरक पडला नाही. किल्ली शेवटी घरातच असते. श्रीलंकेत आकडे खाली आले ते दुसऱ्या कारणाने. सगळ्यांत जहाल कीटकनाशकं एकामागून एक बाजारातून काढली गेली आणि दोन दशकांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी उतरलं. पीक काही बुडालं नाही.

हे वाचल्यावर माझा लेख मला जरा वाकडा दिसू लागला. मी अवजाराला जागा शोधत गावं हिंडत होतो. काही वस्तूंना घरात जागा नसते याचं कारण घर लहान आहे हे नसेलही. पेटी वाईट नाही. पोरं, कोंबड्या, पाहुणे यांच्यापासून बाटली लांब राहते, तेवढं तरी ती करते. पण कोयत्याला जशी दाराच्या वरची फट मिळाली, तसं मोनोक्रोटोफॉसला काय द्यायचं होतं?

खंडेनवमी

मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी अंगण सारवून झालं. वखर आला, डवरा आला, तिफण आली. विळे, कुऱ्हाड, खुरपी. एकेक धुऊन, फडक्याने पुसून, ओळीत. वखराच्या पासेला तेल लावताना त्याने बोट फिरवून धार बघितली आणि तोंड वाकडं केलं, लोहाराकडे न्यावी लागणार. मला खारीचे दादा आठवले. साडेसहाशे किलोमीटर अंतर, भाषा निराळी, पीक निराळं, बोट फिरवायची पद्धत तीच.

पंपही आला. दोन्ही आले, लाल चिंधीवालाही. "त्याच्याच जिवावर त घर चालते," तो म्हणाला. पूजेसाठी म्हणून पंप नीट धुतला होता, आतून-बाहेरून, साबण लावून, हौदावर. बैल सकाळचं पाणी पिऊन गेले होते आणि दुपारी पुन्हा येणार होते.

वहिनींनी ताट आणलं. प्रत्येक अवजारावर आधी हळदीचं बोट, मग कुंकवाचं. वखर, डवरा, तिफण. निळ्या टाकीवर पिवळा ठिपका उमटला, त्याच्याखाली लाल. मग फूल. सगळं झाल्यावर त्याच बोटांनी त्यांनी धाकट्याच्या कपाळाला कुंकू टेकवलं आणि तो साखर-खोबरं घेऊन पळाला.

उन्हं वर आली तशी आवराआवर सुरू झाली. तिफण आढ्याला गेली. वखर आणि डवरा गोठ्याच्या भिंतीला. विळे खुंटीवर, कुऱ्हाड दाराआड, खुरपी छपराच्या वाशात खोचून. लाल चिंधीचा पंप त्याच्या कुडाला. दुसरा पंप त्याने पट्ट्याला धरून उचलला, घराच्या दाराकडे दोन पावलं गेला, गोठ्याकडे वळला, आणि अंगणाच्या मधोमध तो हातात घेऊन जरा वेळ तसाच उभा राहिला.